गावच्या पाइप बँडमध्ये पहिले पाऊल : प्रॅक्टिस चँटरपासून स्पर्धेच्या वर्तुळापर्यंत

ऑगस्टच्या मध्यावर स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या ग्लासगो ग्रीन या मैदानावर पाइप बँडची, म्हणजे बॅगपाइप आणि ढोल यांच्या ताफ्यांची, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते. तिथे वर्तुळात उभे राहून वाजवणारे बहुतेक वादक पोटापाण्यासाठी दुसरेच काही काम करतात. कोणी शाळेत शिकवतो, कोणी सुतारकाम करतो, कोणी रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी अजून शाळेतच आहे. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी शाळेच्या नाही तर चर्चच्या सभागृहात जमायचे, वर्गणी काढायची, वाद्ये आणि गणवेश जपायचे, आणि वर्षभराची मेहनत उन्हाळ्यातल्या काही मिनिटांच्या वादनात पणाला लावायची, असा त्यांचा क्रम असतो. पुण्यातल्या एखाद्या ढोल-ताशा पथकाचा गणपतीपूर्वीचा सराव ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना गावोगावच्या पाइप बँडचा जीव कशात आहे हे चटकन उमगेल.

स्कॉटलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या आणि जवळच्या बँडमध्ये स्वतः जावे किंवा मुलांना पाठवावे असा विचार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख मुख्यतः लिहिला आहे. घरबसल्या या स्पर्धा ऐकणाऱ्यांनाही नेमके काय ऐकावे हे त्यातून कळेल. माझे सांगणे मुळात एकच आहे: बँड निवडताना त्याच्या कपाटातले करंडक मोजू नका, त्याचा शिकाऊ वर्ग कसा चालतो ते पाहा.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय नियम कळत नाहीत

बॅगपाइप हे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात शतकानुशतके एकट्याने वाजवायचे वाद्य होते. पाइप आणि ढोल यांचा एकत्र ताफा ही तुलनेने अलीकडची, लष्करात रुजलेली रीत आहे. 1854 मध्ये ब्रिटिश युद्ध खात्याने हायलँड रेजिमेंटांना एक पाइप मेजर (पाइपवादकांचा प्रमुख) आणि पाच पाइपवादक ठेवण्याची अधिकृत परवानगी दिली. कूच करताना पाइपवादकांना ढोलांची जोड मिळाली आणि आजच्या बँडचा साचा तयार झाला. भारतीय लष्करातल्या अनेक रेजिमेंटांचे पाइप बँड त्याच परंपरेतून आले आहेत, आणि 29 जानेवारीला दिल्लीत होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये आपण त्यांना दरवर्षी ऐकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रीत छावणीबाहेर पडली. पोलीस दले, कोळशाच्या खाणींची गावे, कारखान्यांच्या वसाहती यांनी आपापले बँड उभे केले. ग्लासगोच्या पोलीस बँडचे मूळ 1883 मधल्या, गोव्हन या ग्लासगोलगतच्या नगराच्या पोलीस बँडपर्यंत जाते, आणि याच बँडने पुढे स्ट्रॅथक्लाइड पोलीस या नावाने 1981 ते 1986 अशी सलग सहा वर्षे जागतिक अजिंक्यपद राखले. लॅनार्कशरमधल्या खाणकामगारांच्या वस्तीत 1910 मध्ये सुरू झालेला शॉट्स अँड डाइकहेड हा बँड आजही पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीत वाजवतो. 1930 मध्ये स्कॉटिश पाइप बँड असोसिएशन स्थापन झाली. पुढे तिच्या नावाला ‘रॉयल’ ही उपाधी जोडली गेली. श्रेणी, परीक्षक, वादनाचा क्रम यांचे आजचे नियम प्रामुख्याने याच संस्थेने घडवले, आणि इतर देशांतल्या संघटनाही थोड्याफार फरकाने त्याच धर्तीवर चालतात. स्कॉटलंडबाहेरच्या बँडने जागतिक विजेतेपद मिळवण्यासाठी 1987 उजाडावे लागले. तो मान कॅनडातल्या ओंटॅरियोच्या 78th फ्रेझर हायलँडर्स या बँडला मिळाला. त्यानंतर व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठाचा बँड 1995 पासून सहा वेळा जिंकला आणि 1998 मध्ये मेलबर्नच्या व्हिक्टोरिया पोलीस बँडने बाजी मारली. तेव्हा परदेशातल्या एखाद्या उपनगरात आपण राहत असाल, तर जवळचा बँड दुय्यम असेल असे मुळीच गृहीत धरू नका.

बँड कसा निवडावा

इन्व्हरेरी हे स्कॉटलंडमधल्या लॉख फाइन या खाडीच्या काठचे, काहीशे वस्तीचे गाव. 2003 च्या सुमारास स्टुअर्ट लिडेल या नामवंत पाइपवादकाने तिथल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्या मुलांना वाजवायला जागा हवी म्हणून बँड उभा राहिला, 2005 मध्ये तो नवशिक्या मुलांच्या गटात स्पर्धेत उतरला, एकेक श्रेणी चढत 2010 च्या हंगामात पहिल्या श्रेणीत पोहोचला, आणि 2017 व 2019 मध्ये इन्व्हरेरी अँड डिस्ट्रिक्ट हा बँड जगज्जेता झाला. पुढे बाहेरचे कसलेले वादकही त्यात आले हे खरे, पण पाया गावातल्या वर्गाचाच होता.

म्हणून आपल्या परिसरातल्या बँडकडे पहिल्यांदा जाल तेव्हा काही गोष्टी विचारून घ्या. नवशिक्यांचा वर्ग नियमित भरतो का, की कोणी आले तर कोणीतरी वेळ काढून शिकवतो? शिकवणारे स्वतः मुख्य बँडमध्ये वाजवतात का? मुख्य बँडखाली शिकाऊ किंवा खालच्या श्रेणीचा दुसरा बँड आहे का, आणि वरच्या बँडमधले किती जण खालून वर आले आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत महत्त्वाचे. सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या बँडने मुलांसाठी रॉबर्ट माल्कम मेमोरियल या नावाने शिकाऊ बँडची साखळी उभारली, आणि त्याची वर्षानुवर्षांची ताकद त्या साखळीतून आली आहे.

बहुतेक ठिकाणी उन्हाळी स्पर्धा संपल्यावर, म्हणजे उत्तर गोलार्धात सप्टेंबरच्या आसपास, नव्या विद्यार्थ्यांना घेतात. शिकवणी अनेकदा विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलापासून निवृत्त गृहस्थांपर्यंत कोणीही सुरुवात करू शकते. प्रौढांना फक्त बोटे मोकळी व्हायला थोडा अधिक वेळ लागतो.

पहिले वर्ष : प्रॅक्टिस चँटर

नवशिक्याच्या हाती बॅगपाइप देत नाहीत. आधी प्रॅक्टिस चँटर मिळतो. ही पिशवी नसलेली, हळू आवाजाची, साधारणपणे प्लास्टिकची नळी असते, आणि ती थेट तोंडाने फुंकतात. तिचा स्वर मुख्य वाद्याच्या मानाने साधारण सप्तकभर खाली असतो, त्यामुळे सदनिकेत सराव केला तरी शेजारी तक्रार करणार नाहीत. चांगला चँटर शंभर पौंडांच्या आत मिळतो. प्रौढांनी लांब आकाराचा घ्यावा, कारण त्याच्या छिद्रांमधले अंतर मोठ्या वाद्याशी जुळते. पर्यटकांसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त, नक्षीदार लाकडी वाद्यांच्या वाटेला जाऊ नका. ती सुरात लागत नाहीत, आणि शिकणाऱ्याला दोष आपल्या बोटांचा आहे असे वाटत राहते. काय विकत घ्यावे हे शिक्षकालाच विचारावे.

डावा हात वर आणि उजवा खाली, बोटे सरळ आणि सैल, हा धरण्याचा नियम आहे. बासरी किंवा रेकॉर्डर वाजवलेल्यांना बोटांची टोके छिद्रांवर टेकवण्याची सवय असते, ती इथे सोडावी लागते. खालच्या हाताची छिद्रे बोटांच्या मधल्या पेरांनी झाकायची असतात.

स्वर फक्त नऊ आहेत: खालच्या ‘जी’पासून वरच्या ‘ए’पर्यंत. ज्यांनी थोडेफार हिंदुस्थानी संगीत शिकले आहे त्यांनी खालच्या ‘ए’ला षड्ज मानून पाहावे. शुद्ध रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, शुद्ध ध, कोमल नी आणि तार षड्ज असा खमाज थाट हाती लागतो, आणि खालचा ‘जी’ म्हणजे मंद्रातला कोमल निषाद. ड्रोनच्या, म्हणजे एकच स्वर अखंड धरून ठेवणाऱ्या, तिन्ही नळ्या षड्जावरच लावलेल्या असतात: दोन टेनर ड्रोन एक सप्तक खाली आणि बास ड्रोन त्याच्याही एक सप्तक खाली. चँटरचे, म्हणजे चाल वाजवायच्या छिद्रांच्या नळीचे, स्वर पियानोच्या समान विभागणीप्रमाणे नव्हे, तर या अखंड षड्जाशी मिळवून लावतात. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला इथे मोठा फायदा होतो. गंधार किंचित चढला तरी त्याला तो टोचतो, आणि पाइप बँडमध्ये हा कान फार मोलाचा आहे.

खरे कठीण काम स्वरांचे नसून अलंकारांचे आहे. बॅगपाइपचा चँटर एकदा सुरू झाला की थांबत नाही, आणि त्याचा आवाज लहान-मोठा करता येत नाही. तोच स्वर दोनदा वाजवायचा असेल किंवा मात्रेवर जोर द्यायचा असेल, तर मध्ये क्षणार्धाचा दुसरा स्वर, म्हणजे ग्रेस नोट, टाकावा लागतो. अशा ग्रेस नोटांचे ठरलेले गुच्छ असतात: डबलिंग, ग्रिप, टाओरलुआ, बर्ल, ‘डी’वरचा थ्रो. बर्लमध्ये करंगळी खालच्या ‘ए’ आणि ‘जी’मध्ये इतक्या झपाट्याने दोनदा फिरते की ऐकणाऱ्याला एकच कंप ऐकू येतो. पण सराव करताना तो अगदी संथ, प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येईल असा वाजवायचा असतो. शिक्षक संथ वाजवायला सांगतो तेव्हा त्याचे ऐका. घाईत बसलेला चुकीचा अलंकार सोडवायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त महिने जातात. रोज वीस मिनिटे नेमाने वाजवणाऱ्याला सहा महिने ते वर्षभरात काही साध्या चाली बिनचूक आणि पाठ येऊ लागतात. पाठ येणे आवश्यकच आहे, कारण स्पर्धेच्या वर्तुळात समोर कागद नसतो.

पिशवी, ड्रोन आणि फुंकर

शिक्षकाच्या मनासारखे झाले की पूर्ण वाद्य हाती येते. ड्रोन आफ्रिकन ब्लॅकवूड या जड, काळ्या लाकडाचे असतात. पिशवी चामड्याची किंवा कृत्रिम कापडाची असते, चँटरची रीड (आवाज काढणारी कंप पावणारी पात) वेताची, तर ड्रोनच्या रीड आता बहुधा कृत्रिम असतात. नव्या वाद्याची किंमत सहज हजार पौंडांच्या वर जाते, पण अनेक बँड सुरुवातीला आपल्याकडचे वाद्य वापरायला देतात, तेव्हा लगेच खरेदीची घाई नको.

पहिल्या दिवशी सगळे ड्रोन बुचांनी बंद करून फक्त पिशवीत हवा भरून दाब राखायला शिकतात. श्वास घेताना डाव्या कोपराने पिशवी दाबायची, फुंकताना कोपर सैल सोडायचा, आणि या अदलाबदलीत दाब तसूभरही हलू द्यायचा नाही. दाब हलला की स्वर हलतो, आणि वीस पाइपांमध्ये एकाचा स्वर हलला तरी सगळ्या बँडचा नाद विस्कटतो. पुढे एकेक ड्रोन उघडत जातात. या काळात ओठ थकतात, चक्कर आल्यासारखे होते, पाच मिनिटांत दम संपतो. यात काही गैर नाही. वादन थोड्या-थोड्या वेळाने, पण रोज करावे.

सुरुवात आणि शेवट एकाच क्षणी करणे ही वेगळी कला आहे. ढोलांचा पहिला रोल (काठ्यांचा अखंड घुमारा) सुरू होताच पिशवीवर थाप मारून ड्रोन चालू करायचे, दुसऱ्या रोलच्या ओघात कोपराचा दाब वाढवून सगळ्यांनी एकदम ‘ई’ हा स्वर, म्हणजे आपला पंचम, लावायचा आणि मग चाल सुरू करायची. एखाद्याचा चँटर आधीच बोलला किंवा वादन संपल्यावर ड्रोन रेंगाळला, तर तो सगळ्या मैदानाला ऐकू येतो.

ढोलांकडे वळणाऱ्यांसाठी

पाइप बँडमध्ये फुंकणे जमत नसेल किंवा आवडत नसेल, तर स्नेअर, टेनर आणि बास या तीन ढोलांचे मार्ग आहेत. स्नेअरचे शिक्षण रबरी पॅडवर होते. त्याचे चामडे आज अतिशय ताणलेल्या केव्हलार धाग्याचे असते, म्हणून आवाज कोरडा आणि टोकदार येतो, आणि हाताची जराशी चूकही त्यात लपत नाही. टेनर ड्रम वेगवेगळ्या सुरांत लावलेले असतात, आणि वादक मऊ टोकाच्या काठ्या हवेत फिरवत चालीला साथ देतात. बास ड्रम वाजवणाऱ्याकडे लय टिकवण्याची सगळ्यांत मोठी जबाबदारी असते. ताशावर हात तयार झालेल्या तरुणांना स्नेअर लवकर आवडतो. मात्र इथे रचना लीडिंग ड्रमरने, म्हणजे ढोलवादकांच्या प्रमुखाने, लिहिलेली असते आणि तिच्यात स्वतःची भर घालण्याला वाव नसतो. शॉट्स अँड डाइकहेडचे अ‍ॅलेक्स डथर्ट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या लेखनाला जी दिशा दिली, तिच्यामुळे ढोल नुसती साथ न राहता चालीशी संवाद करू लागले.

हिवाळा : स्पर्धा इथेच घडते

बँडमध्ये प्रवेश मिळाला म्हणजे थेट वर्तुळात उभे राहायला मिळेल असे नाही. पाइप मेजर एकेकाला ऐकतो, आणि बसत नसेल त्याला त्या वर्षी बाहेर ठेवतो. हे मनाला लावून घेऊ नये. अनुभवी बँडमध्येही हे दरवर्षी घडते. हिवाळाभर चाली टेबलाभोवती बसून प्रॅक्टिस चँटरवर वाजवल्या जातात. एकच ओळ दहा जण वाजवतात, मग दोघे, मग एकटा, आणि कोणाचा अलंकार क्षणभर पुढे-मागे पडतो ते सापडेपर्यंत पाइप मेजर पुढे जात नाही. नवख्याला हे कंटाळवाणे वाटते. मला मात्र पाइप बँडची खरी गोडी या टेबलापाशीच वाटते, कारण दहा वेगळे हात एका हातासारखे कधी होऊ लागतात ते इथे डोळ्यांदेखत दिसते.

स्पर्धेसाठी दोन प्रकारची तयारी असते. एकात मार्च (कुचाची चाल), स्ट्रॅथस्पे आणि रील (दोन्ही नाचाच्या चाली) या तीन लयी न थांबता एकापाठोपाठ येतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे मेडलीत, बँड आपल्या पसंतीच्या चालींची साखळी गुंफतो, आणि पहिल्या श्रेणीत ती पाच ते सात मिनिटांची असते. स्ट्रॅथस्पे या लयीत आखूड-लांब स्वरांची झटकेदार जोडी सतत येते आणि त्यातला भार सांभाळणे फार अवघड असते. सर्वांत खालच्या श्रेण्यांत मात्र साध्या चालींची मार्चच वाजवावी लागते. श्रेण्या चौथ्यापासून पहिलीपर्यंत चढत्या क्रमाने असतात, तिसरी व चौथी ‘ए’ आणि ‘बी’ अशा विभागलेल्या असतात, आणि मुलांचे गट वेगळे असतात. हंगामाच्या शेवटी संघटना कामगिरी पाहून बँडला वर किंवा खाली नेते.

स्पर्धेचा दिवस

ब्रिटनमध्ये मे ते ऑगस्टदरम्यान पाच मोठ्या स्पर्धा होतात: ब्रिटिश, युनायटेड किंगडम, युरोपीय, स्कॉटिश आणि जागतिक. कॅनडातल्या ओंटॅरियोत मॅक्सव्हिल या गावी उत्तर अमेरिकेची अजिंक्यपद स्पर्धा भरते. न्यूझीलंडमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत रस्त्यावरून कूच करत वाजवण्याचीही परीक्षा असते.

पहिल्या स्पर्धेला जाताना ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी पोहोचा. किल्ट, गुडघ्यापर्यंतचे मोजे, बूट आणि टोपी हे बहुतेक बँड पुरवतात, पण लोकरीच्या त्या जाड कापडाचे वजन आणि उकाडा यांची सवय आधीच करून घ्यावी. पाऊस येईल असे समजूनच निघावे. मैदानाच्या एका बाजूला बँड गोल करून सूर लावतात, आणि हा भाग स्पर्धेइतकाच ऐकण्यासारखा असतो. पाइप मेजर एकेका वादकासमोर उभा राहून त्याच्या चँटरचा एकेक स्वर तपासतो. एखादा स्वर चढा असेल तर छिद्राच्या वरच्या कडेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा किंचित खाली सरकवतो. मग ड्रोनच्या टोकाशी ट्यूनर धरून नळी केसभर वर-खाली करतो. ढग आले की रीडमधला ओलावा बदलतो, स्वर उतरतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आज बँडचा खालचा ‘ए’ साधारण 480 हर्ट्झच्या आसपास असतो, पण नेमका आकडा त्या दिवशीचे हवामान ठरवते. या वेळी बोलू नका, आणि सांगितल्याशिवाय वाद्याला हात लावू नका.

मग प्रारंभरेषेवर रांग लागते. पहिल्या श्रेणीच्या बँडने दोन-दोन रचना तयार ठेवलेल्या असतात आणि त्यांतली कोणती वाजवायची हे चिठ्ठी काढून ऐनवेळी ठरते. पाइप मेजरचा हुकूम, दोन रोल, ‘ई’, आणि बँड वाजवत वर्तुळापर्यंत चालत जातो. सगळे आत तोंड करून उभे राहतात, कारण प्रत्येकाला पाइप मेजरचा पाय आणि बोटे दिसायला हवीत. परीक्षक चार असतात: दोघे पाइपांचे, एक ढोलांचा आणि एक संपूर्ण परिणामाचा. ते वर्तुळाभोवती फिरत ऐकतात. प्रत्येकाने दिलेल्या क्रमांकांची बेरीज होते, सर्वांत कमी बेरीज असलेला बँड जिंकतो, आणि बरोबरी झाली तर संपूर्ण परिणाम पाहणाऱ्या परीक्षकाचा कौल मानतात. सायंकाळी सगळे बँड मैदानावर एकत्र कूच करतात आणि निकाल जाहीर होतात. तोवर थांबावे. आधी निघून जाणे बँडमध्ये चांगले मानत नाहीत.

नंतरच्या आठवड्यात

परीक्षकांचे शेरे बँडकडे येतात. ‘सुरुवातीला एक चँटर आधी बोलला’, ‘दुसऱ्या भागात लय पुढे सरकली’, ‘स्नेअर एकजीव, पण पाइपांपेक्षा जड’ अशा धर्तीचे ते असतात. क्रमांक पाहण्याआधी हे शेरे वाचण्याची सवय लावावी, आणि आपल्या नावावर काही येत असेल तर पुढच्या सरावाआधी शिक्षकाला भेटून ते वाजवून दाखवावे. एकाच दिवशी दोन परीक्षकांची मते उलटसुलट आली तरी गोंधळून जाऊ नये. ते वर्तुळाच्या वेगवेगळ्या बाजूंनी ऐकत असतात.

मुलांना पाठवणाऱ्या पालकांसाठी एवढेच सांगतो, की गाडी चालवणे, पाण्याच्या बाटल्या, डब्यांचे वाटप, निधीसाठी होणारे जेवणाचे कार्यक्रम ही कामे बँडच्या अंगणातच असतात आणि त्यांत हातभार लावणाऱ्या घराला बँड लवकर आपलेसे करतो. स्थानिक मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात बँडला एखाद्या वर्षी निमंत्रण द्यायचे असेल तर पाइप मेजरला निदान काही महिने आधी विचारावे, मानधन बँडच्या खात्यात द्यावे, आणि सभागृह लहान असेल तर वादन बाहेर, मोकळ्या जागेत ठेवावे, कारण बंद खोलीत वीस पाइप आणि स्नेअर यांचा आवाज लहान मुलांच्या कानांना सोसत नाही. वादकांनी स्वतः मात्र प्रत्येक सरावाला कानात संरक्षक बोंडे घालावीत. ती बहुतेक वाद्यांच्या दुकानांत मिळतात.